धीर आणि भरवसा : काम, पैसा आणि तीन पिढ्या

(शेगाव येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



कामाच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते आणि जिथे जावे तिथे एक तक्रार कानी पडते. पारावर बसलेली वडीलधारी मंडळी म्हणतात, आजच्या पोरांना शेतात उतरायची लाज वाटते, पैसा त्यांच्या हातात ठरत नाही आणि धीर तर मुळीच उरलेला नाही. त्याच गावातील तरुणांशी बोलावे, तर ते म्हणतात, बाबांनी जन्मभर राबून काय मिळवले? आम्हीही तसेच राबावे, एवढेच त्यांना कळते.

या दोन्ही तक्रारी आपण ऐकतो आणि पिढ्यांमधले अंतर म्हणून सोडून देतो. परंतु तसे सोडून देण्याजोगा हा विषय नाही. वावर विकायचे की ठेवायचे, मुलाला स्पर्धा परीक्षेला आणखी किती वर्षे बसू द्यायचे, पेरणीचे कर्ज कोणाच्या नावावर काढायचे, मुलीच्या शिक्षणाला पैसा लावायचा की लग्नासाठी राखायचा, हे घराघरातले निर्णय या अंतरामुळे अडतात. कधी कधी बाप आणि मुलगा एका छपराखाली राहूनही या गोष्टी एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करावा, असे मला वाटते.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. धीर, काटकसर आणि कष्टाळूपणा हे केवळ स्वभावाचे गुण नव्हेत. माणूस कशासाठी थांबतो आणि कशासाठी थांबत नाही, हे त्याला आलेल्या अनुभवावरून ठरते. ज्याने दिलेला शब्द पाळला, त्याच्यासाठी माणूस थांबतो. तेव्हा नव्या पिढीचा धीर सुटला, असे म्हणण्यापूर्वी तिला कोणाकोणाचा भरवसा वाटेनासा झाला, हे पाहिले पाहिजे.

तीन पिढ्यांचा अनुभव

आज ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या तरुणपणी १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडून, नाल्यांना बांध घालून, रस्त्यांची माती वाहून राज्यातील लक्षावधी कुटुंबांनी ते दिवस काढले. दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी त्या पिढीला अजून आठवते. हाताला काम मिळणे हेच त्या काळी भाग्य होते. वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी शासनाने कायद्याने स्वीकारली. त्या पिढीची कामावरची श्रद्धा अशा अनुभवातून घडलेली आहे.

दुसरी पिढी आपली, म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांची. आपण शाळा शिकलो. शेगावात १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि कापसाच्या गावातून अभियंते बाहेर पडू लागले. त्याच पिढीने शेतीची पडझडही पाहिली. जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष साहाय्य जाहीर झाले, त्यात बुलडाणा जिल्हा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे त्याचे कारण होते, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी पिढी दोन हजार सालानंतर जन्मलेली. तिने बापाची शेती पाहिली ती याच काळात. कर्जाच्या नोटिसा, पडलेले भाव आणि घरातील मुकी काळजी हे तिचे बाळकडू आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण आजोबांनी ऐकली आणि मानली. नातवाने ती पाठ्यपुस्तकात वाचली. पण घरात त्याला नेमके उलटे दिसले. शिपायाच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो आणि दहा एकरांच्या धन्याला बियाण्यासाठी उधारी करावी लागते. लग्नाच्या बाजारात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तर आता घरोघरची व्यथा आहे. मुलाने नोकरीचा ध्यास घेतला तर तो आळशी ठरत नाही. आपण जे दाखवले, तेच तो शिकला.

कापूस, सोयाबीन आणि धीर

धीराविषयी बोलताना आपल्या पिकांकडे पाहू. कापूस जूनमध्ये लावायचा, डवरणी, निंदण, फवारणी करायची आणि दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी हाती घ्यायची. पुढे दोन-तीन वेचण्या होईपर्यंत पौष-माघ उजाडतो. जोडीला तूर असतेच. अशा पिकांबरोबर वाढलेल्या माणसाला सहा-आठ महिने थांबण्याची सवय आपोआप लागते. विक्रीनंतरही थांबावे लागे. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस केंद्रावर द्यायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची, हा त्या काळचा क्रम होता. चुकारा कधी उशिरा मिळे, पण कापूस घेणारे कोणी आहे, ही खात्री होती.

१९९० नंतर सोयाबीन आले आणि वेळापत्रकच बदलले. शंभर दिवसांच्या आसपास पीक निघते. सुडी लागते, मळणीयंत्र येते, कुटार बाजूला होते आणि दाणे पोत्यात भरून सरळ बाजार समितीच्या आवारात जातात. सगळ्यांचा माल एकाच वेळी आल्याने भाव उतरतात, ओलाव्यापोटी कपात होते. हे पाहून आजोबा म्हणतात, दोन महिने दम धरला असता तर चार पैसे जास्त आले असते. हिशेब बरोबर आहे. परंतु मुलाचा हिशेबही ऐकला पाहिजे. कृषी केंद्राची उधारी दिवाळीपूर्वी फेडायची असते. हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते आणि जमिनीतील ओल कोणासाठी थांबत नाही. घरात पन्नास पोती ठेवायला कोरडी जागा नसते. त्याला थांबण्याची इच्छा नाही असे नव्हे, थांबण्याची ऐपत नाही.

ही ऐपत निर्माण करता येते. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना चालवली आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल गोदामात ठेवला, तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांच्या मुदतीने, सहा टक्के व्याजाने मिळू शकते. उधारी भागते, पेरणी होते आणि माल भाव येईपर्यंत राहतो. १९८६ मध्ये बुलडाण्यात राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बुलडाणा अर्बन या सहकारी पतसंस्थेनेही गोदामातील मालावर कर्ज देण्याची वाट धरली. ज्या शेतकऱ्याला अशी पावती हातात मिळते, तो पंचवीस वर्षांचा असला तरी सहा महिने थांबतो. म्हणजे धीर वयाबरोबर येत नाही, आधाराबरोबर येतो.

आपल्या तालुक्याची आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारे लागते. ते पिण्याला चालत नाही, ओलिताला चालत नाही. ज्या बागेला फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, ती बाग इथल्या तरुणाने कशाच्या भरवशावर लावावी? शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठले, संरक्षित ओलिताची सोय झाली, तरच त्याला दूरचा विचार करणे परवडते.

आणि नव्या पिढीला धीर नाही, हे विधानही वस्तुस्थितीला धरून नाही. तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिकांमध्ये जाऊन पाहा. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुले-मुली बसलेली असतात. जाहिरात निघण्याची वाट पाहायची, परीक्षेची वाट पाहायची, निकालाची वाट पाहायची, मग नियुक्तीपत्राची. यात चार-पाच वर्षे सहज जातात. भाड्याच्या खोलीत एकवेळचा डबा दोनवेळ पुरवून पाच वर्षे काढणाऱ्या मुलाला उतावळा कसे म्हणावे? त्याचा धीर शेतीवरून उठून नोकरीवर बसला आहे, इतकेच. ज्यांना पाच वर्षांनंतरही यश मिळत नाही, त्यांचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या मुलाने एकट्याने शोधावे, असे म्हणून आपली सुटका होणार नाही.

शब्द पाळण्याचा परिणाम

शिक्षक बंधुभगिनींना एका प्रयोगाची माहिती द्यावीशी वाटते. अमेरिकेत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचे, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दुसरीही देईन. जी मुले थांबतात ती संयमी आणि पुढे यशस्वी होणारी, असा अर्थ त्यातून पुष्कळ वर्षे काढला गेला.

परंतु २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी या प्रयोगात एक भर घातली. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. मिठाईपूर्वी मुलांना चित्रकलेचे साहित्य देण्यात आले आणि थोडे थांबलात तर याहून चांगले आणून देतो, असे सांगण्यात आले. एका गटाला ते खरोखर आणून दिले. दुसऱ्या गटाला, नाही मिळाले, आहे त्यातच भागवा, असे सांगितले. त्यानंतर मिठाई ठेवली. ज्या मुलांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची फसगत झाली होती, ती तीन मिनिटांतच हार मानून बसली. दोन्ही गट सारख्याच मुलांचे होते. फरक होता तो मोठ्या माणसाने दिलेल्या शब्दाचा.

ही संख्या लहान आहे आणि प्रयोगावरून समाजाची सगळी कहाणी सांगता येत नाही, हे खरे. तरीही तीन मिनिटांत मिठाई उचलणाऱ्या मुलाला अधाशी म्हणण्यापूर्वी त्याला काय अनुभव आला होता, हे विचारावे, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

कामाची प्रतिष्ठा

आता कामाविषयी. तरुणांना कष्टाचे काम नको, असे म्हणणाऱ्यांनी शेगावातच पाहावे. येथील श्री गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीने येतात. झाडलोट, पंगतीतील वाढप, भांडी घासणे, गर्दीला वाट दाखवणे ही कामे ते एक पैसा न घेता करतात. त्यांत वृद्ध असतात तसे महाविद्यालयात शिकणारे तरुणही असतात. घरी ताट न उचलणारा मुलगा येथे शेकडोंची ताटे उचलतो, असे त्याचे आईवडील कौतुकाने सांगतात.

हे केवळ श्रद्धेने घडते, असे म्हणून विषय संपवता येईल. श्रद्धा आहेच. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी काही गोष्टी ध्यानात येतात. येथे प्रत्येकाला त्याचे काम नेमून दिलेले असते. कामात लहान-मोठे मानले जात नाही. आणि नेतृत्व करणाऱ्यांनी तो नियम स्वतःला लावून घेतलेला असतो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी दिवंगत झालेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी संस्थानचा एवढा मोठा कारभार मानधन न घेता सांभाळला. वरचा माणूस असा असला की खालच्याला झाडू हातात घेण्याची लाज वाटत नाही. आपल्या शेतात मात्र काय घडते? मुलगा शिकलेला असो, पेरणीचा, वाणाचा, विक्रीचा निर्णय त्याला विचारून होत नाही. त्याच्या वाट्याला फक्त राबणे येते. ज्या कामात आपले मत चालत नाही, त्या कामावर माया कशी जडावी?

तरुणांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हातचे कसब महिनाभरात येत नाही. शेगावची कचोरी आज दूरवर प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने १९५० च्या सुमारास ती येथील रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली. एकच पदार्थ, तीच चव, पिढ्यान्‌पिढ्या. त्यात भांडवलापेक्षा सातत्य मोठे आहे. नवे करून पाहावे, पण एखादी गोष्ट मुरेपर्यंत तिच्याबरोबर राहावे, हा आजोबांचा सल्ला जुना झालेला नाही.

पैशाचा हिशेब

पैशाच्या बाबतीत जुनी पिढी काटकसरी आणि नवी उधळी, असे सरसकट मानले जाते. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव भडकले, तेव्हा आपल्याकडील कापूस उत्पादकांच्या हाती अकस्मात पैसा आला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. त्या पैशात हात सैल सोडणारे त्या पिढीतही होतेच. वऱ्हाडातच जन्मलेले गाडगेबाबा १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत गावोगाव कीर्तनातून सांगत राहिले की लग्नाला, तेराव्याला कर्ज काढू नका. लोक कर्ज काढत होते, म्हणूनच त्यांना ते सांगावे लागले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील दरांच्या आकड्यावर मुंबईत जुगार चाले, तो १९६१ पर्यंत. कापूस पिकवणारा शेतात आणि त्याच्या भावाच्या आकड्यावर पैसे लावणारा शहरात, असा तो खेळ होता.

आज तो खेळ प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आला आहे, हा फरक मात्र मोठा आहे. शेअर बाजारातील वायदे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. कायद्याने वाट अडते, मोह जात नाही. घरात जर पैशाविषयी मोकळे बोलणे नसेल, तर मुलगा बुडालेले पैसे लपवतो आणि बाप काढलेले कर्ज लपवतो. दोघांचेही लपवणे घराला सारखेच महाग पडते.

या बाबतीत आपल्या गावातील स्त्रियांनी घालून दिलेला धडा मोलाचा आहे. बचत गटात दरमहा थोडे थोडे पैसे जमा होतात. कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिले, कोणी फेडले, हे सर्वांसमोर वहीत लिहिले जाते. सासू आणि सून एकाच सतरंजीवर बसून तो हिशेब ऐकतात. तेथे पिढ्यांचे भांडण होत नाही, कारण लपवण्यासारखे काही नसते. वेचाईची मजुरी किलोवर मोजून घेणाऱ्या या बायांना पैशाची किंमत कोणी शिकवावी लागली नाही. त्यांना हवे होते ते आपल्या नावाचे खाते आणि आपला हिशेब.

आपल्या हाती काय आहे

येथे जमलेले आपण बहुतेक मधल्या पिढीचे आहोत. आपल्या एका हाताला वडील आहेत आणि दुसऱ्या हाताला मुले. म्हणून काही गोष्टी आपल्याच हातून व्हाव्यात.

ग्रामपंचायत सदस्यांनी गोदाम आणि तारण कर्ज हा विषय सुगीपूर्वी, म्हणजे श्रावण-भाद्रपदातच ग्रामसभेपुढे ठेवावा. सोयाबीन बाजारात गेल्यावर दिलेली माहिती व्यर्थ असते. ग्रामसभेत तरुणांना केवळ सतरंज्या घालायला न बोलावता एखाद्या कामाची जबाबदारी द्यावी आणि तिचा हिशेब त्यांनीच वाचावा.

शिक्षकांपैकी ज्यांनी १९७० किंवा १९८० च्या दशकात शाळा पाहिली, त्यांना संचयिका आठवत असेल. मुलांनी आणलेले चार-आठ आणे तिच्यात जमा होत आणि मुलेच वही लिहीत. रक्कम क्षुल्लक होती, पण ठेवलेला पैसा मागितल्यावर परत मिळतो, हा अनुभव क्षुल्लक नव्हता. त्या धर्तीवर आजही काही करता येईल. वर्गात मुलांना दिलेले लहानसे वचनही पाळावे, हे त्याहून महत्त्वाचे.

आणि आम्ही शासकीय कर्मचारी? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले, ते उगाच नव्हे. मजुरी, अनुदान, विम्याची भरपाई, शिष्यवृत्ती ही प्रत्येक रक्कम म्हणजे दिलेला एक शब्द असतो. ती वेळेवर मिळाली की त्या घरातील तरुणाला कळते की थांबण्यात अर्थ आहे. ती रखडली की त्याला उलटा धडा मिळतो, आणि मग धीर धरा, असे त्याला सांगण्याचा आपला अधिकार उरत नाही. टेबलावर पडून राहिलेली फाईल गावातील कोणाच्या तरी भरवशावर पडलेली असते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, वावराचा सातबारा, पीक कर्जाचे पासबुक आणि उधारीची वही मुलासमोर, आणि मुलीसमोरही, एकदा मांडा. एखाद्या एकराचा निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा आणि तो चुकला तरी पुढच्या हंगामात पुन्हा सोपवा. तरुणांना विनंती आहे, त्या हिशेबाला नावे ठेवण्यापूर्वी तो एका हंगामापुरता स्वतः सांभाळून पाहा.

दरवर्षी शेगावहून पंढरपूरला पालखी निघते. सातशे किलोमीटरहून अधिक वाट पायी चालायची असते, त्याला सुमारे महिना लागतो. त्या दिंडीत आजोबा असतात आणि नातूही असतात, आणि दोघांची चाल एकच ठेवावी लागते. त्यांना ते जमते, कारण मुक्काम कोठे आहे आणि तेथे आपली सोय झालेली आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. शेतीच्या आणि संसाराच्या वाटेवरही असे मुक्काम बांधून देणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.